पुलीवरचे पांढरे ठिपके

मिस्त्रीने इंजिनावर काढलेल्या खुणा मी पुसून टाकल्या. सगळ्या. पेट्रोलात भिजवलेल्या फडक्याने, नखाने खरवडून, मागे डाग राहणार नाही अशा बेताने पुसल्या. वर त्याला हाक मारून सांगितलं, की या बघा, तुमचं काम हलकं करून ठेवलंय.

ज्यांनी गाडीचा टायमिंग बेल्ट बदलताना कधी पाहिला असेल त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांनी जरा थांबावं, त्यांचीही पाळी येईल.

हा मिस्त्री आलापल्लीहून येताना आष्टीच्या अलीकडे, रस्त्याला लागून बसायचा. गॅरेज म्हणावं असं काही नव्हतं. मोहाचं एक जुनं झाड, त्याच्या आधाराने चार लाकडी बल्ल्या, वर पत्रे, आणि मागे वीस पावलांवर त्याचं घर. पाटी नव्हती. त्याचं नाव मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सगळे मिस्त्रीच म्हणायचे, त्याची बायकोसुद्धा. साठीचा, वाळक्या अंगाचा माणूस. कामाला बसण्याआधी सदरा काढून फांदीला अडकवायचा आणि काम संपेपर्यंत त्या सदऱ्याकडे आणि गिऱ्हाइकाकडे सारखंच दुर्लक्ष करायचा.

गिऱ्हाइकासाठी त्याचा एकच नियम होता. बॉनेट उघडलं की तो मान न वळवता म्हणायचा, ''पाहा जी, पर हात मागं ठेवून पाहा.'' मग आम्ही सगळे मोठे मोठे लोक शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे हात पाठीमागे बांधून उभे. एकदा बदलून आलेले नवे रेंजर साहेब वर्दीत होते, त्यांनी कसलीशी नळी दाखवायला बोट पुढे केलं. मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि रस्त्यावरून जाणारे ट्रक मोजत बसला. साहेबांचा हात मागे गेला तेव्हा पाना पुन्हा उचलला. 

काढलेले बोल्ट तो पळसाच्या पानांवर ठेवायचा. एका जागेचे बोल्ट एका पानावर, निघाले त्याच क्रमाने. एखाद्या लग्नाची पंगत मांडावी तशी पानं मांडलेली असायची. त्याची बायको तिथेच पलीकडे मोहफुलं वाळत घालत बसलेली असे. ती मला म्हणाली होती, की जेवायच्या पानाला यानं कधी इतका मान दिला नाही.

आता माझ्याबद्दल सांगणं भाग आहे. मी लाकूड डेपोत कारकून. जंगलातून सागवानाचा ओंडका आला की त्यावर नंबर टाकायचा, हे माझं आयुष्यभराचं काम. लिलावासाठी ओंडक्यांची नवी मांडणी झाली, की आधीचा नंबर घासून पुसायचा आणि मगच नवा टाकायचा. जुना नंबर राहून गेला तर एकाचा माल दुसऱ्याच्या ट्रकमध्ये जातो आणि कारकुनाला नोटीस येते. त्यामुळे कुठेही पांढरी खूण दिसली की माझा हात आपोआप फडक्याकडे जातो. हे मी सबब म्हणून सांगत नाही. नुसतं सांगून ठेवतो.

आदल्या वर्षी मिस्त्रीने माझ्या जुन्या गाडीच्या इंजिनाचं बाजूचं झाकण उघडून मला आतला पट्टा दाखवला होता. इंजिनात पिस्टन खालीवर करतात आणि त्यांच्या डोक्यावर वॉल्व उघडमीट करतात. दोघांनी एकमेकांच्या वाटेत यायचं नाही, एवढं सांभाळायला तो दातेरी रबरी पट्टा असतो. खालच्या पुलीवरून वरच्या पुलीवर गेलेला. तो तुटला किंवा त्याचे दात सरकले, की पिस्टन वर येतो तेव्हा वॉल्व उघडाच असतो. मग पिस्टन त्याला ठोकतो, वॉल्व वाकतो आणि इंजिन गेलं. माझ्या पट्ट्याला भेगा पडल्या होत्या. मिस्त्री म्हणाला, ''बदलून घ्या जी. हा सांगून तुटत नाई.''

मी ऐकलं. चंद्रपूरला गेलो तेव्हा नवा पट्टा आणि त्याच्यासोबतचं बेअरिंग, दोन्ही खोक्यात घेऊन आलो आणि डिक्कीत ठेवलं. तिथेच ते वर्षभर राहिलं. औषधाची बाटली आणून कपाटात ठेवली की ताप उतरतो, अशी काहीतरी माझी समजूत असावी. मिस्त्रीच्या झाडावरून जाताना मी खिडकीतून हात करायचो. तो बोटाने गाडीच्या पुढच्या भागाकडे दाखवायचा. मी आणखी जोरात हात हलवायचो.

माझी भाची प्रणाली त्या वर्षी पोलीस भरतीत उतरली होती. दोन वर्षं रोज पहाटे ती आमच्या रस्त्याच्या कडेने धावायची, खनिजाचे ट्रक अंगावर धूळ उडवत बाजूने जायचे आणि ही धुळीतून बाहेर पडून पुढे पळत असायची. आदल्या खेपेला थोडक्यात हुकली होती. वयात बसणारी ही शेवटची भरती. कागदपत्रं तपासायला आणि मैदानाला गडचिरोलीत बोलावलं होतं, दुपारी दोनला फाटक बंद, त्यानंतर कुणालाही आत घेणार नाहीत असं पत्रात लिहिलेलं. तिने सकाळी सातच्या बसने दोन मैत्रिणींबरोबर जायचं ठरवलं होतं. मी म्हणालो, मामाची गाडी दारात असताना बसने जायचं? ती म्हणाली, बसच बरी. मी तोंड पाडलं. शेवटी माझी बहीण तिला म्हणाली, एवढा म्हणून राह्यला त जाय, नाईतर महिनाभर जेवताना ऐकवंल.

आष्टी आठ-दहा किलोमीटर राहिली असेल, तेव्हा बॉनेटमधून आवाज यायला लागला. बारीक, किरकिरणारा, सायकलीच्या न वंगणलेल्या चाकासारखा. मी रेडिओचा आवाज वाढवला. प्रणालीने तो बंद केला. आवाज वाढला होता. तिने मांडीवरची कागदांची पिशवी दोन्ही हातांनी धरली आणि समोर बघत बसली.

मिस्त्री रस्त्याच्या कडेला येऊन उभाच होता. गाडी वळणापलीकडे असतानाच त्याला ऐकू गेलं असावं. मी उतरलो तोवर सदरा फांदीवर गेला होता. त्याने झाकण काढलं आणि मी हात मागे बांधून पाहिलं. पट्ट्याच्या कडेचे धागे सुटून लोंबत होते, दोन दात मुळापासून उचकटले होते आणि बेअरिंग कोरडं पडून किंचाळत होतं.

मी विचारलं, गडचिरोलीपर्यंत तरी जाईल का.

''जाईल बी, नाई बी जाईल. तुटला त रस्त्यातच बसान.'' मग त्याने प्रणालीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि कधीपर्यंत पोहोचायचं ते तिलाच विचारलं. तिने सांगितलं. तो म्हणाला, कामाले तीन घंटे लागते. अकराची बस येते, पोरीले तिच्यात बसवून द्या.

तेव्हा नऊ वाजत होते. मी बोटांवर हिशेब केला. नऊ आणि तीन बारा, तिथून तास-सव्वा तास, सव्वाला गडचिरोली, पाऊण तास हातात. मी खणखणीत आवाजात सांगितलं, की पट्टा डिक्कीत तयार आहे, बसची काही गरज नाही, मामा पोहोचवतो म्हणाला म्हणजे पोहोचवतो. मिस्त्रीने खोकं हातात घेतलं, त्यावरची वर्षभराची धूळ फुंकली आणि कामाला लागला.

पुढचं चाक निघालं. पळसाची पानं मांडली गेली. एकेक बोल्ट आपापल्या पानावर जाऊन बसला. जुना पट्टा काढण्याआधी त्याने खिशातून व्हाइटनरची छोटी बाटली काढली, शाळेतली पोरं वापरतात तसली, आणि खालच्या पुलीवर, वरच्या पुलीवर आणि त्यांच्यासमोर पट्ट्यावर ठिपके दिले. मी विचारलं, पुलीवर कंपनीची खूण नसते का. असते, तो म्हणाला, पण माझ्या गाडीची वरची पुली आधीच्या मालकाने भंगारातून आणून बसवली होती. तिच्यावरच्या खुणेवर भरवसा ठेवला तर वाट लागली. आता त्याचे ठिपके हाच आधार. हे त्याने मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. मान डोलावली होती.

अकराची बस वेळेवर आली. प्रणाली उठून उभी राहिली. ड्रायव्हरने वेग कमी केला आणि आमच्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, जा, आमचं कुणी नाही. बस गेली. प्रणाली पुन्हा बसली नाही.

जुना पट्टा निघाला होता. जुन्या बेअरिंगचा बोल्ट गंजून अडकला होता, तो सोडवताना गंजाचा कण उडून मिस्त्रीच्या डोळ्यात गेला. तो डोळा मिटून घराकडे गेला, बायको तांब्या घेऊन आली, डोळ्यात पाणी मारू लागली. मी एकटा इंजिनासमोर. हात मागे होते, पण पाठीमागच्या हातात फडकं होतं, मघाशी बॉनेट पुसायला घेतलेलं. समोर नवा पट्टा चढायची वाट बघणारी जागा, आणि तिथे जुने पांढरे ठिपके.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. खालचा पुसला. मातीत पडलेल्या जुन्या पट्ट्यावरचे पुसले, कारण अर्धवट काम माझ्या हातून होत नाही. वरच्या पुलीवरचा ठिपका चिवट होता. फडकं गुंडाळून जोर लावला, तशी पुली आपली आपण अंगठाभर सरकली. आतून आवाज आला. ठिपका मात्र गेला.

मिस्त्री आला. एक डोळा लाल, त्यातून पाणी गळत होतं. मी माझं सफाईकाम दाखवलं. त्याने आधी खालच्या पुलीकडे पाहिलं, मग वरच्या, मग जमिनीवरच्या पट्ट्याकडे. मला शिव्या घालील म्हणून मी मान खाली घातली. त्याने शिवी दिली नाही. अगदी हळू आवाजात विचारलं, ''वरची हालली का?''

थोडीशी, मी म्हणालो.

''आवाज कसा आला? जड का हलका?''

मला सांगता येईना.  मागून प्रणाली म्हणाली, ''हलका. लाकडावर टिचकी मारावी तसा. लोखंडाचा नव्हता, काका.''

मिस्त्रीने श्वास सोडला. हलका म्हणजे वॉल्वच्या स्प्रिंगने पुली ढकलली. जड असता तर वॉल्व पिस्टनवर आपटला असता आणि मग गाडी तिथून ढकलतच हलवावी लागली असती. पण आता वरची पुली कुठे होती आणि खालच्या पुलीच्या तुलनेत कुठे असायला हवी, हे सांगणारं तिथे काहीच उरलं नव्हतं. पट्टा अंदाजाने चढवला आणि किल्ली मारली, तर पहिल्याच फेऱ्यात इंजिन मोडणार.

सव्वाअकरा झाले होते. पुढची बस दीडला. मी रस्त्यावर जाऊन हात दाखवायला लागलो. खनिजाचे ट्रक थांबत नव्हते, आणि थांबले असते तरी पोरीला एकटीला त्यात चढवायची माझी हिंमत नव्हती. दोन मोटारसायकली गेल्या, दोन्हींवर तिघं तिघं. परत आलो तर मिस्त्री उकिडवा बसला होता, हात गुडघ्यांवर, इंजिनाकडे बघत. काहीच करत नव्हता. ती दोन-तीन मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब मिनिटं असावीत. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तो उठला आणि बायकोला म्हणाला, की याईले सावलीत नेऊन बसव आन् पाणी दे. ती मला हाताला धरून घेऊन गेली. तापाच्या माणसाला न्यावं तसं.

त्याने घराच्या कुडातून बांबूची एक काडी उपटली, चाकूने तासून गुळगुळीत केली. पहिल्या पिस्टनच्या वरचा प्लग काढला आणि त्या भोकातून काडी आत सोडली, तिचं टोक पिस्टनच्या डोक्यावर टेकेपर्यंत. काडी वर उचलली जाईल तेव्हा पिस्टन वर येतोय, थांबेल तेव्हा माथ्यावर आहे, खाली जाईल तेव्हा उतरतोय. खालची पुली तो मोठ्या पान्याने फिरवणार आणि कुणीतरी काडी दोन बोटांत धरून सांगणार. त्याला दुसऱ्या माणसाची गरज होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी धावतच गेलो, यासाठीच जन्मलो असल्यासारखा.

मी काडी दोन बोटांत धरली. तो पाना हलवायच्या आधीच मी म्हणालो, आली, आली. मग म्हणालो, गेली. मग म्हणालो, थांबा, कळत नाही. मिस्त्रीने पाना सोडला.

''तुमी नका, जी. ये वो बाई, तू धर.''

प्रणालीने ओढणीला हात पुसले. काडी धरली आणि डोळे मिटले. मिस्त्री गाडीखाली अर्धा आडवा होता, तिथून त्याचा आवाज आला, की अडल्यासारखं वाटलं का लगेच सांगजो, जोर नाई लावायचा. आधी त्याने सगळे पिस्टन अर्ध्यावर आणले, म्हणजे वरची पुली फिरवली तरी कुणी कुणाला लागणार नाही. मग वरचं झाकण काढून पहिल्या सिलिंडरचे दोन्ही वॉल्व मिटलेले आहेत अशा जागी वरची पुली आणली. वॉल्व मिटला की त्याच्यावरचा आडवा दांडा बोटाला किंचित ढिला लागतो. त्याने स्वतः पाहिलं आणि मग प्रणालीचं बोट तिथे टेकवलं. ढिला हाय? हाय, ती म्हणाली. दुसरा? तोही. मगच त्याने वरच्या पुलीवर आणि तिच्यासमोर इंजिनावर नवा ठिपका दिला आणि खालची पुली फिरवायला घेतली.

''वर,'' ती म्हणायची. ''वर. वर. थांबली. थांबलीच हाय. खाली.''

गंमत अशी, की माथ्यावर पिस्टन क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि नेमका माथा कुठला ते कळत नाही. मिस्त्रीने काडीवर नखाने रेघ ओढली. चढताना रेघ प्लगच्या भोकाशी आली तेव्हा पुलीवर एक ठिपका दिला. पुढे जाऊन उतरताना तीच रेघ तिथेच आली तेव्हा दुसरा. दोन ठिपक्यांची बरोबर मधली जागा म्हणजे माथा. मी सावलीतून बघत होतो. माझ्यासमोर पाण्याचा तांब्या होता आणि मिस्त्रीची बायको होती. ती मोहफुलं पसरवत होती आणि अधूनमधून माझ्या हातांकडे बघून घेत होती.

बारा वाजून पाच मिनिटांनी नवा पट्टा चढला. मी उठलो. मिस्त्रीने बसा म्हणून खूण केली. त्याने पान्याने इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवलं. काडी प्रणालीच्या बोटांत. कुठे अडलं नाही. पण दुसऱ्या फेऱ्यानंतर पिस्टन माथ्यावर आला तेव्हा वरचा ठिपका एक दात बाजूला उभा होता. पट्टा ताणताना सरकला असावा.

मिस्त्री दोन्ही पुल्यांकडे आळीपाळीने बघत राहिला. मला राहवेना. मी जाऊन म्हणालो, एकच दात आहे, वॉल्वला लागलं तर नाही ना, गाडी सुरू होईल ना, परत येताना नीट करू, आता निघू द्या. घड्याळ त्याच्या तोंडासमोर धरलं.

''सुरू होईल,'' तो म्हणाला. ''चालंल बी. पर ताकद नाई राहणार आन् चढावर तापंल. कुठी तापंल ते मले नाई माहीत.'' मग तो माझ्याकडे न बघता प्रणालीला म्हणाला, ''वेळ तुया हाय, बाई. तू सांग. आसंच जायचं का काढू?''

मी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांनी म्हणालो, जाऊ. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती पुलीकडे बघत होती. वयाची शेवटची संधी, दोन वर्षांची धूळ, आणि घड्याळात सव्वाबारा.

''काढा काका,'' ती म्हणाली.

त्याने पट्टा काढला. पुन्हा पहिल्यापासून. पिस्टन अर्ध्यावर, वरचे दांडे ढिले, काडी, वर, वर, थांबली. या वेळी दोघांना बोलावंही लागत नव्हतं, ती नुसती मान हलवायची आणि त्याचा पाना थांबायचा. पट्टा चढवला, बेअरिंग दाबून ताण दिला, लांबच्या बाजूला मधोमध चिमटीत धरून पट्टा पिळून पाहिला. जेमतेम पाव फेरा वळला पाहिजे. जास्त वळला तर ढिला, दात उड्या मारणार. वळलाच नाही तर घट्ट, बेअरिंग पुन्हा किंचाळणार. त्याने तीनदा ढिला केला आणि तीनदा ताणला. मी तोवर कुडाला टेकून उभा होतो आणि मनातल्या मनात गाडी विकत होतो.

पुन्हा हाताने दोन फेरे. ठिपक्यासमोर ठिपका. पळसाच्या पानांवरचे बोल्ट एकेक करून परत गेले, शेवटच्या पानावर काही उरलं नाही. त्याने माझ्यापुढे तळहात केला. मी त्यावर किल्ली ठेवली. त्याने ती प्रणालीला दिली.

पहिल्यांदा इंजिन नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदा लागलं. मिस्त्रीने लांब पेचकस इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली आणि ऐकत राहिला. एक ट्रक गेला. त्याने हात वर करून आम्हाला गप्प बसवलं, आम्ही बोलत नव्हतो तरी. दुसरा ट्रक गेला. मग त्याने पेचकस काढला आणि बॉनेट लावलं.

''जा आता. मामाले म्हना, दाबू नको.''

बारा चाळीस. मी दाबलं नाही. चामोर्शीपर्यंत इंजिनातल्या प्रत्येक आवाजाला मी काच खाली करून कान देत होतो, आणि इंजिन मात्र इतकं गुळगुळीत चालत होतं की ती गाडी माझी आहे याची खात्री पटेना. प्रणालीने मागच्या सीटवर जाऊन धावायचे बूट घातले आणि नाड्या दोनदा बांधल्या. गडचिरोलीच्या अलीकडे ट्रकची रांग लागली होती. पुढे कुठेतरी एक आडवा झाला होता. एक वाजून चाळीस मिनिटं. मी हॉर्न वाजवला, म्हणजे माझ्याकडून जेवढं होण्यासारखं होतं तेवढं केलं. प्रणालीने दार उघडलं, पिशवी छातीशी बांधली आणि उतरून पळायला लागली. ट्रकच्या रांगेच्या बाजूने, कडेच्या मातीतून, रोज पहाटे पळायची तशीच. दहा-बारा ट्रकनंतर ती दिसेनाशी झाली.

मी मैदानाशी पोहोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. फाटक बंद होतं. बाहेर पंधरा-वीस पोरं-पोरी उभी होती, उशीर झालेली, काही रडत होती. मी प्रत्येकीच्या तोंडाकडे पाहत दोनदा फिरलो. त्यांत प्रणाली नव्हती. तिसऱ्यांदा फिरलो आणि मग तिथेच फुटपाथवर बसलो.

परत येताना मिस्त्री रस्त्यालाच उभा होता. ऊन उतरलं होतं. मी गाडी थांबवली, पण त्याने आधी इंजिन बंद करू दिलं नाही. कान देऊन ऐकलं. मग खिडकीतून आत पाहिलं.

''पोचली?''

पोहोचली काका, प्रणाली म्हणाली. त्याने मान हलवली आणि फांदीवरचा सदरा काढून अंगात घातला. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, की आम्ही गेल्यापासून त्याने तो घातला नव्हता.

पुढे काही महिन्यांनी यादी लागली. प्रणालीचं नाव होतं. ती ट्रेनिंगला गेली. मी ठरवलं, की मिस्त्रीला पेढे द्यायला आपण रीतसर जायचं, गाडीने जायचं, हॉर्न वाजवत जायचं. पण गाडीचं दार ठोकरलेलं होतं, ते आधी नीट करावं म्हटलं. मग रंग उडालेला दिसला. मग सीटची कव्हरं. दार चंद्रपूरला, कव्हरं दुसरीकडे, असं करता करता पावसाळा गेला आणि दिवाळी गेली.

शेवटी गेलो तेव्हा गाडी नवी कोरी दिसत होती. वळणावर हॉर्न वाजवला. झाडाखाली कुणी आलं नाही. पत्रे होते, बल्ल्या होत्या, खाली जमिनीवर काळ्या तेलाचे जुने डाग आणि त्यावर वाळलेला पाला. फांदीला काही नव्हतं. मिस्त्रीची बायको घराच्या दारात सूप घेऊन बसली होती. तिने मला ओळखलं, मान हलवली आणि पाखडत राहिली.

मी विचारलं. तिने सांगितलं, की त्याला जाऊन पंधरा दिवस झाले. कावीळ झाली होती, महिनाभर खाटेवरच होता. मी पेढ्यांचा डबा हातात धरून उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलू लागलो, की त्याच्यामुळे माझ्या भाचीचं आयुष्य लागलं, पोरगी पोलिसात गेली, हे त्याला सांगायचं राहून गेलं, त्याला कळलं असतं तर किती बरं वाटलं असतं.  डोळे पुसायला मी खिशात रुमाल शोधत होतो.

तिने सूप खाली ठेवलं.

''त्याले ठाव होतं,'' ती म्हणाली. ''सुट्टीवर येताना पोरगी इथी उतरली होती. बशीनं आली. पेढे दिले, खाटेपाशी बसली, बोलली त्याच्यासंग. तुमच्या गाडीची वाट पाहत बसली असती न जी, त भेट नसती झाली.''